कायशुद्धी

डॉक्टरांसमोर बसल्यावर आमच्याकडच्या बायका ‘कंबर दुखते’ म्हणून सांगतात. पित्त होतंय, झोप लागत नाही, गुडघे धरलेत, हेही सांगून होतं. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, कागदाची घडी पर्समध्ये जाते, आणि ज्यासाठी आलो होतो ते तसंच पोटात घेऊन आपण बसस्टँडवर येतो. शिंकलं की कपडे ओले होतात, न्हाणीपर्यंत दम निघत नाही, हसताना पाय आवळून धरावे लागतात, हे वाक्य काही तोंडातून बाहेर पडत नाही.

शब्द नाहीत असं नाही. ‘ताबा राहिला नाही’, ‘थेंब थेंब जातंय’, ‘कळ आली की आलीच’ असे साधे शब्द आपल्याकडे आहेत. जावाजावा धुणं धुताना ते एकमेकींत बोलतातही. गर्भपिशवी काढली हे हळदीकुंकवाला आलेल्या बाईलाही आपण सांगतो, टाके किती पडले तेही सांगतो. पण लघवीची पिशवी हा विषय निघाला की पदर तोंडाला जातो. गंमत म्हणजे पुरुषांचं असं नाही. आमच्या ह्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा बस्तीच्या कट्ट्यावर महिनाभर तोच विषय. कुणाला रात्री किती वेळा उठावं लागतं, कुणाची नळी किती दिवस होती, याची अगदी मोकळी चर्चा. कुणाची मान खाली गेली नाही. तोच अवयव, तेच पाणी. लाज तेवढी बायकांच्या वाट्याला आली.

पाणी गाळून प्यावं हे आपल्याला बोलायला यायच्या आधीपासून शिकवलं जातं. गाळणं कसं धुवायचं, जिवाणी कुठं सोडायची, सगळं. ते पाणी अंगातून बाहेर कसं जातं, आणि एके दिवशी ते आपलं ऐकेनासं झालं तर काय करायचं, हे मात्र आईनं सांगितलं नाही, सासूनंही नाही. त्यांना तरी कुणी सांगितलं होतं?

आमच्या सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. बाई मोठ्या धीराच्या. दिवस मावळायच्या आत जेवण, अष्टमी-चतुर्दशीला उपवास, रोज पहाटे णमोकाराची जपमाळ. उतारवयात त्यांनी प्रवचनाला जाणं सोडलं, लग्नकार्याला जाणं सोडलं. मोतीबिंदू पिकला होता तरी ऑपरेशनला तयार होईनात. ‘टेबलावर पडून राहायचं म्हणे, नको बाई’, एवढंच म्हणायच्या. टेबलावर पडून राहण्यात एवढं भिण्यासारखं काय, हे घरात कुणाला कळायचं नाही. २००१ च्या पावसाळ्यात एका रात्री परसातल्या संडासाकडे निघाल्या आणि पायरीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात त्यांनी सांगितलं, ‘पाय घसरला.’ केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. अंधुक दिसणारी म्हातारी बाई भर पावसात एवढ्या घाईनं का निघाली होती, हे तिला कुणी विचारलं नाही. अंथरुणाला खिळल्या आणि पाच महिन्यांनी गेल्या. लोक म्हणाले, हाड मोडल्याचं निमित्त झालं. मला विचाराल तर निमित्त त्याच्याही आधीचं होतं.

माझं सुरू झालं ते बावन्नाव्या वर्षी, पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं तेव्हा. तीन बाळंतपणं झालेली, शेवटचा मुलगा चार किलोचा. निपाणीच्या मराठी हायस्कुलात मी शिकवत होते. आधी खोकल्यावर दोन थेंब, मग शिंकेला, मग खडूचं खोकं उचलताना. पुढंपुढं दुसरंच सुरू झालं. शाळेतून येऊन कुलुपाला किल्ली लावली की कळ यायची आणि दार उघडेपर्यंत दम निघायचा नाही. नळाचा आवाज ऐकला तरी तसंच. ४५ मिनिटांचा तास संपायच्या आधी माझं अर्धं लक्ष घंटेकडे. फिक्या रंगाच्या साड्या कपाटात मागं गेल्या, गडद पुढं आल्या.

पण मला खरं टोचलं ते शाळेत नाही, चातुर्मासात.

त्या वर्षी गावात मुनिसंघ होता. आमच्या गल्लीत रोज कुणाकुणाचा चौका लागायचा. ज्यांनी आहार दिलाय त्यांना माहीत आहे, ती काय घटका असते. पहाटे उठून धान्य निवडण्यापासून पाणी तापवण्यापर्यंत सगळं सोवळ्यात, आणि मग दारात कलश घेऊन उभं राहायचं, नजर रस्त्याकडे. महाराज थांबले की मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी म्हणायचं. मन शुद्ध आहे, बोलणं शुद्ध आहे, शरीर शुद्ध आहे, अन्नपाणी शुद्ध आहे. मग महाराज आत येतात. दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत. काही अडथळा आला तर अंतराय. ओंजळ सोडून देतात आणि थेट दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणीसुद्धा नाही.

‘कायशुद्धी’ हा शब्द माझ्या घशात अडकायला लागला. अर्धा-पाऊण तास वाकून, वाढून, उभं राहून आपल्याला धरवेल याची खात्री काय? आपल्यामुळे महाराजांना अंतराय झाला तर? मी स्वयंपाक करायची आणि पडगाहनाला धाकट्या जाऊबाईंना उभी करायची. मी माजघरात. बायका म्हणाल्या, मास्तरीणबाईंना आता चौक्याचा कंटाळा आला. कुणी म्हणालं, पेन्शन जवळ आली की भक्ती कमी होते. मी ऐकून घेतलं. काय सांगणार होते?

२०१८ च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला बाहुबलींचा महामस्तकाभिषेक झाला. बारा वर्षांनी येणारा सोहळा. आमच्या गल्लीतून दोन बसगाड्या गेल्या. रात्रभराचा प्रवास, नंतर विंध्यगिरीच्या सहाशेहून जास्त पायऱ्या, वर गर्दी. मी घरी राहून टीव्हीवर पाहिला. दूध, हळद, चंदन त्या मूर्तीवरून ओघळत होतं आणि माझे डोळे भरून येत होते. ते भक्तीनं की दुसऱ्या कशानं, हे माझं मलाच सांगता येत नव्हतं.

दवाखान्यात जायचं ठरलं ते जाऊबाईंमुळे. तिनं न विचारता ओळखलं होतं. धुणं एकत्र असलं की घरात काही लपत नाही. ती म्हणाली, “वैनी, आत्तींचं झालं तेवढं बास झालं. बेळगावला जाऊया.” आणि तिनंच फोन करून नंबर लावला.

आता दवाखान्यातली ती सकाळ सांगते. बारीकसारीक सांगते, कारण असं काही फक्त आपल्याच वाट्याला आलं असं प्रत्येकीला वाटतं.

फोनवर सांगितलं होतं, सोनोग्राफी आहे, लिटरभर पाणी पिऊन या आणि लघवी धरून ठेवा. म्हणजे जिला धरता येत नाही म्हणून ती डॉक्टरकडे निघालीय, तिलाच धरून ठेवायला सांगितलेलं. निपाणी ते बेळगाव पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. स्तवनिधीच्या घाटात मी हात जोडले, संकेश्वर गेल्यावर बाटली उघडली, आणि हत्तरगीच्या टोलनाक्यावर गाडी थांबली तेव्हा पहिली कळ आली. पोचलो तेव्हा हॉलमध्ये चाळीसेक माणसं. डॉक्टर तातडीच्या ऑपरेशनला गेलेल्या. खिडकीमागच्या मुलीनं तिथूनच हाक मारली, “आज्जी, लघवी फुल्ल झाली का?” साऱ्या हॉलनं मान वळवली. त्यात माझा एक जुना विद्यार्थीही होता, बायकोला घेऊन आलेला.

तासभर गेला. मी पायांची घट्ट अढी घालून बसले होते. माझं नाव पुकारलं, मी उठले, आणि उठण्याच्या त्या हिसक्याला सगळं सुटलं. थेंब नव्हे. खुर्ची, साडी, फरशी.

जाऊबाईनं आपली शाल माझ्या कमरेला गुंडाळली. मी खाली बघत होते. तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी आल्या. माझ्याच वयाच्या असतील. हळू आवाजात म्हणाल्या, “आक्का, गडबडीनं चालू नगासा, पाय घसरंल. हितं बसा जरा. मी फडकं आणतो.” त्यांनी पुसलं, मला बाईमाणसांच्या न्हाणीत नेलं, कोमट पाणी दिलं. मी काहीतरी पुटपुटले असेन. त्या म्हणाल्या, “रोज चार-पाच जणींचं हुतंय ह्ये. पाणी पाजून बसवून ठेवत्यात, मग काय हुणार? तुम्ही कशाला मान खाली घालतासा?”

रोज चार-पाच जणींचं. त्या दवाखान्यात मला मिळालेलं पहिलं औषध हे. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी एकटी आहे, आणि इथं एक बाई मला सांगत होती की माझ्यासारख्यांचं पुसणं हा तिच्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्या मावशींना मी त्यानंतर दोनदा भेटले. दिवाळीला फराळाचा डबा नेऊन दिला.

डॉक्टर बाई होत्या. तरुण, चाळिशीच्या आतल्या. साखर किती, रक्तदाब किती हे विचारतात त्याच आवाजात त्यांनी विचारलं, “खोकताना जाते, की कळ आली की धरवत नाही? की दोन्ही?” मी म्हटलं, “दोन्ही.” एक शब्द. तेवढा बोलले आणि पुढचं आपोआप आलं. त्यांनी टेबलावर झोपवून खोकायला लावलं. तेव्हाही थोडं गेलं. मी डोळे मिटले तर त्या म्हणाल्या, “छान, मला हेच बघायचं होतं.” आपल्याला जे लपवायचं असतं, तेच डॉक्टरला बघायचं असतं. ओली चादर म्हणजे त्यांच्या लेखी तपासणीचा निकाल.

त्यांनी समजावलं ते असं. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि आतड्याचं टोक यांना खालून एक झोळी धरून असते, स्नायूंची. बाळंतपणात ती ताणते. पाळी गेल्यावर अंगातलं एक द्रव्य कमी होतं आणि तिथली कातडी, स्नायू सैल पडतात. वर जुना खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेलं वजन यांचा दाब. खोकताना, शिंकताना जातं ते या झोळीमुळे. कळ येताच धरवत नाही ते वेगळं. तिथं पिशवीच भरायच्या आधी आकसते. साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मावणारी पिशवी, पण ती कपभरालाच गडबड करायला लागते. साखर वाढलेली असेल, लघवीत जंतू झाले असतील तरी असं होतं, म्हणून आधी रक्त आणि लघवी तपासायची. लघवी करून आल्यावर आत किती उरते तेही सोनोग्राफीत बघतात.

मग मला तीन दिवसांची वही लिहायला लावली. किती वाजता काय प्याले, किती वाजता गेले, केव्हा सुटली. मी शिक्षिका. रकाने आखून लिहिलं. त्या वहीत मला माझा आजार पहिल्यांदा दिसला. चहानंतर अर्ध्या तासानं हमखास. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांतली एक लघवी वाढवणारी निघाली. ती मी दुपारनंतर घेत होते. डॉक्टरांनी ती सकाळची करून दिली. आपल्या मनानं असली गोळी बंद करायची नाही, वेळ तेवढी विचारायची. रात्री मी बऱ्यापैकी कोरडी असायची. दिवस मावळल्यावर पाणी नाही, त्याचा हा फायदा. पण त्याची दुसरी बाजूही वहीत दिसली. उपवासाच्या दिवशी, पाणी कमी झालं की लघवी दाट आणि जळजळीत, आणि कळा जास्त. कितीतरी बायका गळू नये म्हणून दिवसाचं पाणी तोडतात. डॉक्टर म्हणाल्या, दाट लघवी पिशवीला टोचते, उलट जास्त घाई होते. दिवसा नीट प्यायचं, सारख्या अंतरानं.

औषधाच्या आधी व्यायाम. अर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, म्हणून त्यांच्या नावानं ओळखतात. योगाच्या वर्गात मूलबंध केलेल्यांना ही जागा लवकर सापडेल. वारा आणि लघवी दोन्ही एकदम अडवायची आहे असं समजून आतून वर ओढायचं, पाच आकडे धरायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. आणि खरोखर लघवी करताना मधेच थांबवून हा व्यायाम करत बसायचं नाही. निदान तीन महिने. कळीचं वेगळं: कळ आली की धावायचं नाही. थांबायचं, आतून आवळायचं, कळ ओसरली की चालत जायचं. अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचं. मी णमोकाराच्या आवर्तनांवर मोजायची. आधी तीन व्हायची, मग नऊ, मग सत्तावीस. सामायिकाची ४८ मिनिटं मला पहाडासारखी वाटत होती. चौथ्या महिन्यात ती एका बैठकीत झाली.

व्यायामानं भागलं नाही तर गोळ्या आहेत, आत बसवायचं कडं आहे, ऑपरेशनही आहे. माझं गोळीवर आणि व्यायामावर भागलं. पूर्ण बरं झालं म्हणणार नाही. सर्दी झाली की अजून पॅड लागतं. पण दिवसाला चार वेळा कपडे बदलणारी मी आता आठवड्यातून एखाद्या वेळी बदलते.

राहिला तो कायशुद्धीचा प्रश्न. त्याला गोळी नव्हती.

दशलक्षण पर्वात दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय वाचले जातात. नवव्या दिवशी नववा. त्या वर्षी मी भिंतीला टेकून ऐकत बसले होते. त्या अध्यायात समिती येतात, दहा धर्म येतात, बारा भावना येतात. पाच समिती आपल्याला पाठ असतात: ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण आणि उत्सर्ग. पाठ असतात म्हणून त्यांचा अर्थ कानावरून जातो. पाचवी समिती कशाची? मलमूत्र कुठं आणि कसं टाकावं, जीवजंतू नसलेली जागा बघून, याची. साधूंच्या आचरणात ज्याला स्वतंत्र जागा दिलीय, त्याची आपल्याला एवढी लाज. आणि बारा भावनांतली सहावी अशुचि भावना. देह आतून असाच आहे, सगळ्यांचाच, याचं चिंतन. त्यात तरुण देह वगळलेला नाही, पुरुषाचा वगळलेला नाही. मी मात्र ती भावना एकट्या माझ्या देहाबद्दल करत होते.

पर्व संपल्यावर एका आर्यिका माताजींना मी दुपारी एकटीनं गाठलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांसमोर एकदा तोंड उघडलेलं होतं, त्यामुळे जड गेलं नाही. माताजी शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, “आमच्या तर रोजच्या आचरणात हा विषय आहे, आम्हाला काय संकोच? औषध घेतेस ना? मग झालं. अंघोळ करून, धुतलेलं वस्त्र नेसून तू उभी राहतेस, तेव्हा त्या घटकेला शरीर शुद्ध आहे का, एवढंच तुला बोलायचं असतं. पुढच्या घटकेची हमी कुणाला देता येते? शंका वाटली तर मागं हो, दुसरीच्या हाती दे. त्यात कमीपणा नाही.” मग हसून म्हणाल्या, “आणि दवाखाना सोडू नको.”

पुढच्या चातुर्मासात मी पडगाहनाला उभी राहिले. जाऊबाई शेजारी, कलश माझ्या हातात. कायशुद्धी म्हणताना आवाज थोडा कापला, पण शब्द पूर्ण झाला.

आता दवाखान्याला जाणाऱ्या बायकांसाठी चार गोष्टी सांगते. कुणी वहीत उतरवून घेतल्या तरी चालतील.

नंबर लावतानाच विचारा, सकाळचा पहिला मिळेल का. थांबणं जितकं कमी तितकं बरं. गेल्या गेल्या संडास कुठं आहे ते बघून घ्या आणि त्या बाजूची खुर्ची धरा. सोनोग्राफीला बोलावलं असेल तर खिडकीशी सांगा, मोठ्यानं नको, पण स्पष्ट: “मला लघवी धरवत नाही. पाणी इथं येऊन पिते, मला किती वाजता घेणार ते सांगा.” काही तपासण्या रिकाम्या पिशवीनंही होतात, डॉक्टरांना विचारावं. पिशवीत एक परकर, एक जुनं सुती लुगड्याचं फडकं, दोन पॅड आणि ओलं ठेवायला जाड प्लास्टिकची थैली घ्या. पाळीचे पॅड लघवीला पुरत नाहीत. लघवीसाठीचे वेगळे मिळतात. मेडिकल दुकानात नाव घ्यायला लाज वाटत असेल तर चिठ्ठी द्या.

तसंच डॉक्टरांसमोरही बोलता येणार नाही असं वाटलं तर चिठ्ठी. घरी बसून एकच ओळ लिहा: ‘मला लघवीचा ताबा राहत नाही, इतक्या वर्षांपासून.’ ती पहिल्यांदा पुढं करा, कंबरेचं नंतर. मुलगा सोबत असेल आणि त्याच्यासमोर नको वाटत असेल तर त्याला औषधं आणायला पाठवा. तपासताना दार लावून घ्या म्हणायचा, सोबत बाईमाणूस हवं म्हणायचा आपल्याला हक्क आहे.

दुसऱ्या आजारासाठी जातानाही हे सांगायला हवं. दाताची खुर्ची, एक्स-रेचं टेबल, मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळीकडे पडून राहायचं असतं. आधी सांगितलं तर आत नेण्याआधी जाऊन यायला सांगतात, खाली जाड कापड घालतात. एवढ्याशा कापडासाठी आत्तींनी डोळे घालवले. आणि लघवीतून रक्त गेलं, ताप-जळजळ असली, लघवी अडकली, किंवा ताबा एकाएकी जाऊन पायांतली ताकदही गेली, तर नंबरबिंबर बघत बसू नका, त्याच दिवशी जा.

गेल्या महिन्यात सून दुसरं बाळंतपण करून माहेराहून आली. जेवताना तिला शिंक आली आणि तिनं चटकन मांडी आवळली. ती हालचाल मी कुठंही ओळखीन. ताट बाजूला ठेवून मी विचारलं, “शिंकताना जाते का गं?” ती म्हणाली, “होय आई, दीड महिना झाला.” मुलगा समोर जेवत होता. त्यानं वर बघितलं. ती थांबली नाही, पुढं बोलत राहिली.